वाई बघायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर वाई लागते, आणि बहुतेक गाड्या गणपतीपाशी वीस मिनिटं थांबून पसरणी घाटाला लागतात. कृष्णा नदीच्या काठी सात पायऱ्यांचे घाट असलेलं हे गाव खरं तर पूर्ण दिवस मागतं. येणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

वाई एका दिवसात बघून होते का?

होते, पण त्याच दिवसाला महाबळेश्वर जोडू नका. दोन्ही जोडलं की वाईच्या वाट्याला फक्त देवदर्शन येतं आणि नदीचे घाट, जवळची मेणवली आणि धोम ही गावं, सगळं राहून जातं.

दिवस उन्हाच्या हिशोबाने आखा. सकाळी साडेसात-आठला गणपती घाटावर पोहोचा. घाट, ढोल्या गणपती, काशीविश्वेश्वर आणि जवळपासची देवळं साडेदहापर्यंत उरकतात. तिथून मेणवलीचा वाडा. वाडा आतून बघायचा असतो, जाड भिंतींमुळे आत गारवा असतो, म्हणून भर उन्हाची वेळ त्यासाठीच ठेवावी. जेवण वाईत. साडेतीननंतर धोम, आणि दिवेलागणीला परत घाटावर. हा क्रम उलटा केला तर भर बाराला देवळांच्या फरशीवर अनवाणी फिरायची वेळ येते. एप्रिल-मे महिन्यांत काळा दगड एवढा तापतो की लहान मुलं दहा पावलंही चालू शकत नाहीत.

पुण्याहून कसं यायचं?

अंतर ८५ ते ९० किलोमीटर आहे. पुणे-सातारा महामार्गाने शिरवळ, खंडाळा, मग खंबाटकी घाट, वेळे आणि त्यानंतर सुरूर फाटा. सुरूरला उजवीकडे वळलं की वाई साधारण दहा किलोमीटर. साताऱ्याकडून येताना पाचवडवरून आत वळायचं. तिकडून अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास पडतं.

स्वारगेटहून वाईच्या थेट एसटी आहेत, आणि पाचगणी-महाबळेश्वरच्या गाड्याही वाई स्टँडवर थांबतात. लोकांची चूक होते ती सातारा-कऱ्हाड-कोल्हापूरच्या गाडीत बसल्यावर. त्या गाड्या महामार्ग सोडत नाहीत, तुम्हाला सुरूर किंवा पाचवड फाट्यावर उतरावं लागतं आणि पुढे वडाप (प्रवासी भरून जाणारी खाजगी जीप) नाहीतर रिक्षा पकडावी लागते. दिवसा ते जमतं, रात्री उशिरा अडचण होते. तिकीट काढतानाच वाहकाला विचारा, "गाडी वाईत जाते का?"

रेल्वेने यायचं तर वाठार आणि सातारा ही जवळची स्थानकं. दोन्हीकडून पुढे रस्त्याचा प्रवास आहेच, त्यामुळे पुण्याहून येणाऱ्याला रेल्वेचा फारसा फायदा नाही.

शनिवार-रविवारी फार गर्दी असते का?

गर्दी गावात कमी आणि रस्त्यावर जास्त असते. शनिवारी सकाळी खंबाटकी घाटात आणि दुपारपर्यंत पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते. रविवारी संध्याकाळी तीच रांग उलट दिशेला. नाताळ ते नववर्षाचा आठवडा आणि मे महिन्यातल्या जोडून आलेल्या सुट्ट्या सर्वांत वाईट. पुण्याहून सहाच्या आत निघाला तर त्रास होत नाही. संकष्टी आणि अंगारकीला मात्र देवळातच रांग असते, त्या दिवशी दर्शनाला वेगळा वेळ धरा.

गाडी घाटापर्यंत नेता येते का?

नेऊ नका. आळ्या अरुंद आहेत, समोरून एक टेम्पो आला की दोघंही अडकतात. गाडी बाहेर मोकळ्या जागी लावून पायी या. जुनं गाव नदीला धरून वसलेलं आहे आणि महत्त्वाची देवळं एकमेकांपासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहेत.

सात घाट कोणते? सगळे बघावेत का?

गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. घाटाचं नाव म्हणजेच मागच्या वस्तीचं नाव, आणि प्रत्येक आळीला आपल्या घाटाचा अभिमान आहे.

सगळे बघायलाच हवेत असं नाही, पण फक्त गणपती घाट बघून परतू नका. तिथे सतत माणसांची ये-जा असते. बाजूच्या घाटांवर गेलं की वाई कशी जगते ते कळतं: सकाळी धुणं धुणाऱ्या बाया, पाण्यात पाय सोडून बसलेली म्हातारी माणसं, पायऱ्यांना लागून असलेली छोटी देवळं. बांधकामही निवांत बघता येतं. पायऱ्यांचे दगड घडीव आणि लांब आहेत, काठावर पाणी लागतं तिथे झिजून गुळगुळीत झालेले. शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर बारमाही शेवाळ असतं. घसरण्याचे बहुतेक प्रकार तिथेच घडतात, आणि ते पाण्यात उतरताना कमी, फोटोसाठी मागे सरकताना जास्त.

घाटांवर दशक्रिया आणि इतर विधीही चालतात. तिथे थांबून बघू नये, कॅमेरा तर अजिबात वर करू नये.

ढोल्या गणपतीच्या देवळात दर्शनाशिवाय काय बघायचं?

देवळाची पाठ. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ १७६२ मध्ये बांधलं. देऊळ अगदी नदीपात्रालगत आहे, म्हणजे दर पावसाळ्यात कृष्णेचा मार ठरलेला. त्यासाठी गाभाऱ्याच्या मागची भिंत सपाट न ठेवता माशाच्या आकाराची, पुढे निमुळती होत गेलेली बांधली आहे. पुराचा लोंढा या टोकावर आपटून दोन्ही बाजूंना फाकतो आणि भिंतीवरचा दाब कमी होतो. पुलाच्या खांबांना प्रवाहाच्या समोर टोक काढतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. अडीचशेहून अधिक वर्षं पुराचं पाणी या देवळात शिरतंय आणि देऊळ जागेवर उभं आहे.

हे समोरून दिसत नाही. दर्शन झाल्यावर घाटावर उतरा, देवळाला वळसा घाला आणि प्रवाह येतो त्या बाजूने मागे वळून बघा. पाणी कमी असेल तर निमुळतं टोक पायथ्यापासून वरपर्यंत दिसतं. दगडावर पाण्याच्या जुन्या रेषा राहिल्या असतील तर त्याही बघा, पूर कुठपर्यंत चढतो याचा अंदाज येतो.

आतली मूर्ती एकाच अखंड दगडातली आहे आणि तिच्या भव्य आकारामुळेच 'ढोल्या' हे प्रेमाचं नाव पडलं; औपचारिक नाव महागणपती. मूर्ती एवढी मोठी की गाभाऱ्याच्या अगदी तोंडाशी उभं राहून ती नजरेत मावत नाही. सभामंडपात चार पावलं मागे या, मग पूर्ण दिसते.

काशीविश्वेश्वर कुठे आहे? त्यात वेगळं काय?

गणपतीच्या देवळाच्या अगदी जवळ, पण वीस मिनिटांत निघून जाणारे लोक हेच देऊळ चुकवतात. १७५७ मध्ये आनंदराव भिकाजी रास्ते यांनी ते बांधलं. भोवती तटासारखी भिंत, आत फरसबंद आवार आणि दोन दीपमाळा. आवारात शिरलं की बाहेरचा गोंगाट एकदम तुटतो.

इथला नंदी सावकाश बघा. काळ्या दगडाला इतकी झिलई आहे की तो ओला असल्यासारखा वाटतो. गळ्यातल्या घुंगरमाळा, घंटा, पाठीवरची झूल, सगळं बारकाईने कोरलेलं. मान आणि वशिंड यांच्यामध्ये माळेची कडी कशी बसवली आहे तिथे नजर ठेवा, मग कारागिराचा हात कळतो. सकाळचं तिरपं ऊन असताना कोरीवकाम सर्वांत उठून दिसतं.

रास्त्यांनीच बांधलेली विष्णूची (१७७४) आणि महालक्ष्मीची (१७७८) देवळंही जुन्या गावातच आहेत. तीस-चाळीस मिनिटं जास्त असतील तर जरूर जा.

हे रास्ते कोण?

पेशवाईतले मोठे सरदार आणि सावकार घराणं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या भिकाजी नाईक रास्ते यांच्या कन्या, म्हणजे विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव या तिघांचं आजोळ रास्त्यांकडे. पुण्यातली रास्ते पेठ याच घराण्याच्या नावाची. वाईचं आज दिसणारं रूप, म्हणजे देवळं आणि वाडे, बरंचसं यांच्याच पैशातून उभं राहिलं. त्याआधीही वाई लहान नव्हती: आदिलशाहीत हा महत्त्वाचा सुभा होता, अफझलखान इथला सुभेदार होता, आणि १६५९ मध्ये प्रतापगडाकडे निघण्यापूर्वी त्याचा तळ वाईतच पडला होता.

रास्त्यांचे वाडे आत जाऊन बघता येतात का?

वाडे खाजगी मालकीचे आहेत. मोतीबागेतल्या वाड्याची भित्तिचित्रं अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहेत, पण दार उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका. आधी परवानगी घ्या. नाही म्हटलं तर तेही मान्य करा. जुन्या रंगांना माणसांच्या वर्दळीचा आणि ओलाव्याचा खरोखर त्रास होतो.

मेणवलीला काय आहे आणि किती वेळ लागतो?

दीड ते दोन तास काढा. वाईच्या पश्चिमेला तीन-साडेतीन किलोमीटरवर कृष्णेच्या काठी हे गाव आहे. धोमकडे जाणारा रस्ता धरायचा. रिक्षा मिळते, आणि थंडीच्या दिवसांत चालतही जाता येतं.

१७६८ मध्ये मेणवली गाव औंधच्या पंतप्रतिनिधींकडून नाना फडणवीसांना मिळालं. नानांनी इथे नदीकाठी वाडा, घाट आणि देवळं उभी केली. पुण्यातला नानांचा वाडा बघितलेल्यांनीही हा बघावा, कारण इथे वाडा, मागचं दार, घाट आणि नदी हे सगळं एकत्र टिकून आहे. पेशवाईतला मोठा माणूस नदीकाठी कसा राहत असे ते इथे एका नजरेत समजतं.

वाड्यात सहा चौक आहेत. एका चौकातून दुसऱ्यात जाताना दारांची उंची कमी होते, डोकं सांभाळा. बाहेरचा चौक कामकाजाचा, आतले घरच्यांचे. जसजसं आत जावं तसतशी परक्या माणसाची वाट अरुंद होत जाते. लाकडी खांब, तुळया आणि जिने बघण्यासारखे आहेत. वरच्या खोल्यांमधली भित्तिचित्रं हे वाड्याचं खरं धन. त्यांत देवादिकांचे प्रसंग रंगवलेले आहेत. रंग अनेक ठिकाणी उडाले आहेत, म्हणून भिंतीला हात लावू नका, पाठ टेकवू नका आणि फ्लॅश वापरू नका. आत अंधार असतो. मोबाइलचा दिवा थेट चित्रावर न मारता जमिनीकडे वळवला की पुरेसं दिसतं.

मेणवली दप्तर म्हणून मराठ्यांच्या इतिहासात ज्या कागदांचा उल्लेख येतो, ते नानांच्या संग्रहातले कागद याच वाड्यात होते. आज ते इथे बघायला मिळतील अशा अपेक्षेने येऊ नका.

वाडा नानांच्या वंशजांच्या मालकीचा आहे. तो बघायला थोडं शुल्क असतं, राखणदार उघडून दाखवतो. दुपारी तो जेवायला गेलेला असू शकतो, किंवा चित्रीकरण असेल तर वाडा बंदही असतो. गेल्या काही दशकांत हिंदी-मराठी चित्रपटांची इथे बरीच कामं झाली आहेत. म्हणून निघण्याआधी वाईतच एखाद्या रिक्षावाल्याकडे चौकशी करा, त्यांना पक्कं ठाऊक असतं. वाडा बंद निघाला तरी घाट आणि देवळं खुलीच असतात, खेप वाया जात नाही.

मेणवलीची घंटा खरंच वसईची आहे का?

घंटा पोर्तुगीज आहे हे ती स्वतःच सांगते. घाटावरच्या मेणेश्वराच्या देवळापाशी एका छोट्या घुमटीत ती टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या आणि पुढे वेगवेगळ्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची आणि भीमाशंकरची १७२९ ची, या घंटा त्याच जातीच्या. नाशिक आणि भीमाशंकर करणाऱ्यांनी तिन्ही नीट बघून तुलना करावी, फार आनंद मिळतो.

नानांनी वसईच्या लढाईत ही घंटा आणली, असं कधी कधी सांगितलं जातं. ते जुळत नाही; नानांचा जन्मच १७४२ चा. वसई पडल्यानंतर काही दशकांनी ती मेणवलीला आली असणार.

मेरीची आकृती बघायला खाली वाकावं लागतं आणि घंटेभोवती फिरावं लागतं. समोर उभं राहून ती सापडतेच असं नाही. मुलांना घंटा जोरजोरात वाजवू देऊ नका. एकच टोल द्या आणि आवाज पाण्यावरून किती वेळ चालतो ते ऐका.

धोमला जाण्यासारखं काय? धरणच ना?

धरण आहेच, पण जायचं ते देवळासाठी. वाईपासून आठ-नऊ किलोमीटर, मेणवलीच्याच रस्त्याने पुढे. धौम्य ऋषींच्या नावावरून गावाचं नाव पडलं, असं परंपरा मानते.

महादेवाच्या देवळासमोरचा नंदी एका दगडी कासवाच्या पाठीवर बसला आहे, आणि ते कासव कमळाच्या पाकळ्यांसारख्या काठाच्या गोल कुंडात आहे. कुंडात पाणी भरलं की कासव नंदीला पाठीवर घेऊन तरंगत असल्यासारखं दिसतं. ही कल्पना ज्याला सुचली त्याच्यासाठी वाट वाकडी करावी. अडचण एवढीच की कुंड बारमाही भरलेलं नसतं. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत भरलेलं मिळण्याची शक्यता जास्त. कोरडं असलं तर मात्र कासवाचे पाय आणि पाकळ्यांचं काम तळापर्यंत बघता येतं, तेही काही कमी नाही. त्याच आवारात उंच जोत्यावर नृसिंहाचं देऊळ आहे.

जलाशयाच्या काठी उतरू नका. काठची माती वरून सुकलेली आणि खाली चिखलाची असते, पाय रुततो.

नदीत आंघोळ करता येते का? पाणी अचानक वाढतं का?

वाईच्या वर कृष्णेवर बलकवडी आणि धोम ही दोन धरणं आहेत. घाटावरचं पाणी बरंचसं धोममधून किती सोडलं जातं यावर ठरतं. आकाश कोरडं असतानाही पाणी वाढू शकतं, आणि बाहेरून आलेल्यांना नेमकं हेच माहीत नसतं. जुलै ते सप्टेंबर विसर्ग वाढला की गणपती घाटाच्या पायऱ्या बुडतात आणि पाणी देवळात शिरतं. त्या दिवसांत नगरपालिका किंवा पोलिसांचं आवाहन असेल तर घाटावर उतरू नका, वरच्या रस्त्यावरूनच बघा.

इतर वेळी पाय बुडवायला हरकत नाही. पोहायचं मात्र टाळा. पायऱ्या संपल्यावर तळ एकसारखा नाही, डोह आहेत. रामडोह हे नावच बघा. उन्हाळ्यात पाणी साचलेलं आणि गढूळ असतं, ते पिऊ नका.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, सकाळी बोचरी थंडी, डोंगर अजून हिरवट. पहाटे घाटावर यायचं असेल तर स्वेटर हवा. हिरवाई आणि दुथडी भरलेली कृष्णा बघायची असेल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. त्या काळात देवळं दिसतात, पण खालच्या पायऱ्या पाण्याखाली असू शकतात आणि घाट एकमेकांना जोडून चालता येत नाहीत.

उत्सवांच्या वेळी यावं की टाळावं?

कोणता उत्सव, त्यावर आहे.

कृष्णाबाईचा उत्सव असेल तर मुद्दाम या. थंडी ओसरू लागली की तो एकेका घाटावर आळीपाळीने होतो, त्यामुळे वाईत आठवडेच्या आठवडे उत्सवाचं वातावरण असतं. ज्या घाटाची पाळी, तिथे मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती बसते, कीर्तनं आणि प्रसादाच्या पंगती होतात. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून कृष्णेला बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं वाईकर सांगतात. नदीला देवी मानून तिचा असा सार्वजनिक उत्सव आळीआळीने करणं फार थोड्या ठिकाणी टिकलं आहे. बाहेरच्या माणसाचंही कीर्तनाला स्वागत होतं. मांडवात चपला बाहेर, मोबाइल बंद. तिथी दरवर्षी बदलतात, त्या त्या वर्षीचं वेळापत्रक गावात विचारून घ्या.

वाईजवळच्या बावधनची बगाड यात्रा रंगपंचमीला असते. बगाड म्हणजे लाकडी गाडा; त्याच्या उंच शिडाला नवस असलेला माणूस, म्हणजे बगाड्या, टांगतात. होळी पौर्णिमेला कौल लावून बगाड्या ठरतो. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बगाड निघतं आणि बैलजोड्या ते शेतांतून ओढत गावात आणतात. पोहोचायला दिवस लागतो. गर्दी अफाट. बगाडाच्या वाटेत किंवा बैलांसमोर कधीही उभं राहू नका, उधळलेला बैल आवरत नाही. शेताच्या कडेला उंच बांधावर जागा धरा, पाणी सोबत ठेवा आणि गाडी गावाच्या बरीच अलीकडे लावा.

मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा पौषातल्या शाकंभरी पौर्णिमेला. देऊळ वाईपासून सुमारे २० किलोमीटरवर डोंगरमाथ्यावर आहे. २५ जानेवारी २००५ रोजी इथे चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविकांचा जीव गेला. यात्रेच्या दिवसांत केवळ बघायला म्हणून जाऊ नका. काळूबाईचं दर्शन इतर कोणत्याही साध्या दिवशी शांतपणे होतं, आणि वरून दिसणारं खोरंही तेव्हाच नीट बघता येतं. यात्रेच्या आसपास वाईत यायचं असेल तर रस्त्यावरच्या गर्दीचा वेळ धरून चला.

गुरू कन्या राशीत आला की सुमारे बारा वर्षांनी कृष्णाकाठी कन्यागत पर्व होतं. मागचं २०१६ मध्ये झालं.

वाईला विश्वकोशाचं गाव का म्हणतात? ते बघता येतं का?

मराठी विश्वकोशाचं कार्यालय वाईत, गंगापुरीत आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. एवढं मोठं काम मुंबई-पुण्याऐवजी या लहान गावात झालं, त्याचं मूळ प्राज्ञपाठशाळेत आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी उभी केलेली ही संस्था. तर्कतीर्थ इथेच शिकले, विनोबा भावेही काही काळ इथे अभ्यासाला होते. 'नवभारत' मासिकही इथलंच.

कार्यालय आणि पाठशाळा ही प्रदर्शनं नाहीत, कामाच्या जागा आहेत. पुस्तकांत रस असेल तर कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत, आधी विचारून जा. मे महिन्यात येणाऱ्यांनी लोकमान्य टिळक स्मारक संस्थेची वसंत व्याख्यानमाला चालू आहे का ते बघावं. गावातल्या लोकांबरोबर बसून संध्याकाळचं व्याख्यान ऐकणं, हाही वाई बघण्याचाच भाग आहे.

आजी-आजोबांना घेऊन यायचं आहे. कितपत जमेल?

गणपती आणि काशीविश्वेश्वर सहज जमतं, थोड्याच पायऱ्या आहेत. घाटावर अगदी खाली उतरवू नका. वरच्या कठड्याशी बसायला जागा असते आणि नदी तिथूनही छान दिसते. पायऱ्यांना धरायला काही नाही आणि प्रत्येक पायरीची उंची सारखी नाही, त्यामुळे गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो. मेणवलीत खालचे चौक बघता येतात, वरचे लाकडी जिने अरुंद आणि उभे आहेत. धोम सर्वांत सोपं. चाकाची खुर्ची आळ्यांमधून नेता येते, पण देवळांच्या उंबऱ्यांवर उचलावी लागते. दोन माणसं बरोबर हवीत.

एखादा किल्ला किंवा लेणी जोडावी का?

एका दिवसात किल्ला नको. पांडवगड, वैराटगड, कमळगड, केंजळगड हे सगळे याच परिसरातले, आणि प्रत्येकाला निदान अर्धा दिवस लागतो. पांडवगड मेणवलीच्या बाजूने चढता येतो. वाईच्या खोऱ्याची रचना समजून घ्यायला तो उत्तम. केंजळगडाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि कमळगडावरची कावेची, म्हणजे गेरूची, विहीर ही त्या त्या गडाची खासियत. पावसाळ्यात कातळ निसरडे होतात, पाऊस संपल्यावर जा.

लोहारे गावाजवळची पालपेश्वर लेणी मात्र दोन तासांत होतात. मूळची बौद्ध, नंतर एका लेण्यात शिवलिंग आलं. डोंगरातली पायवाट गवतात हरवते, म्हणून गावातून कुणाला तरी सोबत घ्या. बॅटरी न्या.

फोटो आणि ड्रोनचं काय?

घाटावर फोटो चालतात. गाभाऱ्यात काढू नका. ड्रोनसाठी परवानगी लागते, आणि उत्सवात किंवा विधी चालू असताना तो उडवणं लोकांना अजिबात आवडत नाही. ढोल्या गणपतीचं शिखर नदीसह हवं असेल तर पलीकडच्या काठावरून घ्या, अलीकडून ते मावत नाही.

दुसरा दिवस असेल तर?

पाचवडमार्गे साताऱ्याकडे निघा. वाटेत भुईंजच्या परिसरात किकली आहे. तिथल्या भैरवनाथाच्या जुन्या देवळाच्या आवारात वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मारकशिळांची, रांगच आहे. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाला वीराला मरण, मध्ये लढाई किंवा अप्सरा त्याला नेताना, वर शिवलिंगाची पूजा. हा क्रम लक्षात ठेवलात तर प्रत्येक दगड आपली हकीकत सांगतो.

पुढे लिंब गावाची बारा मोटांची विहीर. विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधली. अष्टकोनी विहीर, पायऱ्यांनी खाली उतरलं की आत दालन, वर मोटा चालवायच्या जागा. विहिरीला सगळीकडे कठडा नाही. मुलांचा हात सोडू नका, आणि शेतातून गाडी पुढे दामटण्यापेक्षा शेवटचा टप्पा चालत जा.

डोंगराकडे जायचं असेल तर पाचगणीच्या पुढे भिलार, पुस्तकांचं गाव. तिथे घराघरांत मराठी पुस्तकं मांडलेली असतात आणि ती बसून वाचता येतात. मुलं बरोबर असतील तर किकलीऐवजी भिलार निवडा, आणि सकाळी नऊच्या आत पसरणी घाट चढून जा.